अक्षांश सोळा, मुक्काम एकवीस

पांढरगोटा या गावाला अभिमान वाटावा असं जे काही होतं, ते अर्धं जमिनीत गाडलेलं होतं. गावाच्या पूर्वेला, तुरीच्या वावरांपलीकडच्या माळावर, कमरेएवढ्या दगडांचं एक वर्तुळ होतं. लोहयुगातलं, म्हणजे पावणेतीन हजार वर्षांपूर्वीचं. नागपूरच्या आसपास अशी वर्तुळं पुष्कळ आहेत. पण बाकीच्या गावांतले ते दगड आणि आपल्या गावातला तो वारसा, एवढा फरक पांढरगोट्यातल्या शेंबड्या पोरालाही कळत असे.

तो कळण्याचं कारण म्हणजे माजी सरपंच उकंडराव भोंगाडे. वय पंचाहत्तर, आवाज पंचविशीतला. लग्न असो, तेरवी असो, शाळेतला झेंडा असो, उकंडराव उभे राहत आणि एकच वाक्य बोलत: "बाकीचे लोक कोठून ना कोठून आले. आमी कोठून आलो नाई. आमी होतोच."

या वाक्यापायीच त्यांनी आपल्या एकुलत्या एक लेकीच्या नवऱ्याशी आठ वर्षं अबोला धरला होता. शलाकाचा नवरा डॉक्टर कार्तिक यलमंचिली हा नागपुरात दातांचा दवाखाना चालवी. माणूस सरळ, हसतमुख, सावजी रस्सा घाम पुसत पुसत संपवणारा. उकंडरावांची त्याच्या शिक्षणाबद्दल तक्रार नव्हती, जातीबद्दल नव्हती, आडनाव उच्चारता येत नाही याबद्दलही फारशी नव्हती. तक्रार एकच होती. तो गुंटूरचा होता.

"माणूस चांगला असन," ते म्हणत, "पन बाहेरचा हाये."

दाढ दुखली की उकंडराव बसने वर्ध्याला जात. बस जावयाच्या दवाखान्यावरून जाई, तेव्हा ते दुसऱ्या बाजूच्या खिडकीतून बाहेर पाहत.

ही गोष्ट २०४९ सालच्या मे महिन्यातली. पांढरगोट्याच्या माळावरून विनाचालक मालवाहू गाड्यांचा आठपदरी रस्ता जायचा होता. वाटेत वर्तुळ होतं. अशा वेळी काय करायचं याचा निर्णय पूर्वी माणसं घेत आणि भांडणं होत. म्हणून सरकारने एक शिळा महामंडळ स्थापन केलं, महामंडळाने एक यंत्र घेतलं, आणि निर्णय यंत्रावर सोपवून माणसं भांडायला मोकळी झाली.

नियम साधा होता. वर्तुळ ज्या जागी आहे त्याच जागेसाठी बांधलेलं असेल तर ते 'स्वस्थानी'. रस्ता वळेल, वर्तुळ राहील. ते दुसऱ्याच कुठल्या तरी जागेच्या मापाने बांधलेलं असेल तर 'अस्थानी'. मग ते उचलून उत्तरेतल्या राष्ट्रीय शिळा उद्यानात नेलं जाईल. तिथे हिरवळ, उपाहारगृह आणि सेल्फीसाठी चौथरा आधीच तयार होता. फक्त शिळा यायच्या बाकी होत्या.

हे यंत्र म्हणजे 'वेधवाचक'. तीन पायांवर उभा केलेला मोठा कुकर दिसावा तसं. आणि ते चालवणारी निरीक्षक होती शलाका. स्वतःच्या गावी नेमणूक देऊ नये असा नियम आहे. पण मे महिन्यात विदर्भात जायला खात्यातलं दुसरं कोणी तयार नव्हतं, तेव्हा तो नियम सावलीत बसला.

यंत्राची करामत समजून घ्यायला थोडं सूर्याकडे पाहावं लागेल. सूर्य पूर्वेला उगवतो असं आपण पोरांना शिकवतो, ते सोयीसाठी. उन्हाळ्याकडे तो उगवताना उत्तरेला सरकत जातो, हिवाळ्याकडे दक्षिणेला. किती सरकतो हे तुम्ही पृथ्वीवर कुठे उभे आहात त्यावर अवलंबून. इंग्लंडात जूनमधला सूर्य पूर्वेपासून जवळजवळ चाळीस अंश डावीकडे उगवतो, नागपुराकडे जेमतेम पंचवीस. म्हणून तिकडचं दगडांचं वर्तुळ जसंच्या तसं उचलून इकडे मांडलं, तर त्यावर फक्त कपडे वाळत घालता येतील.

कर्कवृत्ताच्या दक्षिणेकडच्या लोकांना सूर्याने आणखी एक देणगी दिली आहे, जी लंडनला नाही आणि दिल्लीलाही नाही. वर्षातून दोनदा तो भर दुपारी बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. शून्य सावली. हा दिवस प्रत्येक अक्षांशाचा वेगळा असतो, आणि त्या दिवशी सकाळी सूर्य ज्या दिशेला उगवतो ती दिशाही वेगळी. पृथ्वीचा आस हजारो वर्षांत किंचित डुलतो, त्यामुळे उन्हाळ्याच्या टोकाची, म्हणजे २१ जूनच्या सूर्योदयाची, दिशा थोडीफार हलते. शून्य सावलीच्या सूर्योदयाची दिशा मात्र हलत नाही, कारण तिला जागेशिवाय दुसरं काही ठाऊकच नसतं. तेव्हा जुन्या लोकांनी त्या दिशेला दगड रोवला असेल, तर त्यांनी आपला अक्षांशच दगडात लिहून ठेवला म्हणायचं. पांढरगोट्याच्या अक्षांशाला, म्हणजे एकवीसला, हा दगड पूर्वेपासून तेवीस अंश डावीकडे हवा.

वर्तुळाच्या मधोमध काठी रोवण्याचं भोक असलेला एक सपाट दगड होता. कडेच्या तीन दगडांवर वाटीसारखे खळगे कोरलेले होते. पहिला नेमका पूर्वेला. दुसरा पंचवीस अंशांच्या जरा पुढे, उन्हाळ्याच्या टोकावर. मधला तिसरा शून्य सावलीचा. शलाकाने वेधवाचक मध्यभागी ठेवला. यंत्राने थोडा विचार केल्यासारखा आवाज केला आणि आकडा दाखवला.

मधला दगड सतरा अंशांवर होता. रचनेचा अक्षांश: साडेसोळा.

शलाकाने यंत्र पुसलं, पाय घट्ट केले, पुन्हा मोजलं. साडेसोळा. तिने छत्री उघडून यंत्रावर धरली. त्याने काही होत नसतं, पण माणूस करतो. साडेसोळा.

घरी आई, पंचफुलाबाई, आंब्याचा रस काढत होत्या. उकंडराव कूलरपुढे बसले होते.

"झालं का मोजून?" त्यांनी विचारलं. "एकवीसच आलं असन."

"साडेसोळा आलं, बाबा."

"तुही मशीन गरम झाली असन."

"मशीन बरोबर हाये. ज्यायनं हे वर्तुळ बांधलं, ते लोक इथले नव्हते. साडेसोळावर शिकले आन् इथं येऊन तसंच मांडलं."

पंचफुलाबाईंनी कोय पाटीत टाकली.

"साडेसोळा म्हंजे कोठे येते?" उकंडरावांनी विचारलं.

शलाकाने भिंतीवरच्या पडद्यावर नकाशा काढला आणि आडवी रेघ ओढली. अर्धा अंश इकडेतिकडे धरून ती रेघ थेट गुंटूरवरून गेली.

उकंडरावांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. गुंटूर जागचं हललं नाही. माजघरातून एक हसू आलं, ते पंचफुलाबाईंनी रसाच्या भांड्यात दडवलं.

"आनखी कोठून जाते ही रेघ? पुढं दाखव."

"पुढं समुद्र हाये. मंग थायलंड."

"तेच्या पुढं?"

"ग्वाटेमाला."

"मंग तेथूनच आले असतीन," उकंडराव ठामपणे म्हणाले. "लय पराक्रमी लोक होते आपले."

"बाबा, मधात पॅसिफिक हाये."

"पराक्रमी म्हनलं ना मी!"

"आन् बैलगाडीनं येन्यासारखंच ठिकान पाह्यजे असन तर हे पाहा, रेघ या बाजूनं पन जाते." शलाकाने नकाशा पश्चिमेकडे सरकवला. "कोल्हापूर."

उकंडराव उभे राहिले. तरुणपणी वेगळ्या विदर्भासाठी रस्त्यावर बसलेला आणि लाठी खाल्लेला माणूस तो. गेली पन्नास वर्षं धरण, कारखाना, रस्ता, जे जे म्हणून इकडे आलं नाही ते ते कोल्हापूरकडे गेलं, असा त्यांचा हिशेब होता.

"आमचे पूर्वज," ते एकेक शब्द तोडत म्हणाले, "कोल्हापूरचे?"

"अक्षांश तेवढंच सांगते. आडवी रेघ. रेघेवरचं गाव सांगत नाई."

ते बराच वेळ येरझाऱ्या घालत राहिले. मग खाली बसले.

"त्यापेक्षा गुंटूर बरं," ते पुटपुटले.

हे आठ वर्षांत पहिल्यांदाच घडलं होतं. पण शलाकाला आनंद करायला सवड नव्हती. साडेसोळाचा अहवाल गेला की वर्तुळ अस्थानी ठरणार होतं, आणि पावसाळ्याआधी क्रेन येणार होती.

"पोरी," उकंडराव आवाज उतरवून म्हणाले, "एकवीस लिहून टाक ना. कोन येते पाह्यले? तो दगड तसाही कोठे बोलते?"

"दगडच तर बोलते, बाबा. मी तेवढं आयकते आन् लिहिते. आजवर कोनाच्याच गावचं खोटं लिहिलं नाई. आपल्या गावापासून सुरू करू?"

"म्हंजे तू सोताच्या हातानं गाव उचलून देशीन?"

ती रस न पिताच नागपूरला निघून गेली. पंचफुलाबाई नवऱ्याला एवढंच म्हणाल्या, "तुमचीच पोरगी हाये. वाकत नाई."

कार्तिक दवाखाना आवरत होता. शलाकाने वेधवाचकाने घेतलेलं जमिनीखालचं चित्र त्याच्या मोठ्या पडद्यावर लावलं. एरवी तिथे लोकांच्या दाढा दिसत. आता दगडांची मुळं आणि ती ज्यात बसली होती ते खड्डे दिसू लागले.

"हा कोणाचा जबडा?" त्याने विचारलं.

"माझ्या बाबांचा समज. गावाचा."

तो थट्टा विसरून जवळ गेला. दात पाहताना त्याचा चेहरा होई तसा झाला. "ह्या दोन दगडांच्या मध्ये काय आहे? हा मधला, आणि हा टोकाचा?"

"काही नाही. मोकळी जागा."

"मोकळी नाही, शलू. इथे हाड वेगळं दिसतंय. खड्डा आहे, भरून आलेला. इथे दात होता." त्याने बोट टेकवलं. "आणि तो पडलेला नाही. पडला असता तर कड झिजलेली असती. हा काढलाय. तेही कुणी तरी घाईत."

शलाकाने खुर्ची ओढली. खड्ड्याची दिशा काढली. मधल्या दगडापासून जेमतेम दोन फूट डावीकडे. तेवीस अंश.

ती रात्रभर जागली वगैरे काही नाही. नीट झोपली आणि सकाळी मातीचे नमुने घ्यायला परत गेली. वाळूचा कण अंधारात पुरला की आसपासच्या खडकांतल्या किरणोत्सारामुळे बॅटरीसारखा हळूहळू भरत जातो, आणि उजेड लागला की क्षणात रिकामा होतो. किती भरलाय ते मोजलं की त्याने शेवटचं ऊन कधी पाहिलं ते कळतं. मधल्या दगडाखालच्या मातीने आणि त्या रिकाम्या खड्ड्याच्या तळाच्या मातीने शेवटचं ऊन पावणेतीन हजार वर्षांपूर्वी पाहिलं होतं. दोन्ही एकाच पिढीतले. मधला दगड आधीचा, कारण त्याच्या खड्ड्याची कड दुसऱ्या खड्ड्याने कापली होती.

शलाका उन्हातच बसली. आता तिला ते लोक दिसू लागले. दक्षिणेकडून आलेले, गुरं, लोखंड आणि पोरं घेऊन. इथे माळ आवडला, थांबले. आजोबांनी शिकवल्याप्रमाणे दगड रोवले. मग सूर्य त्या मधल्या दगडावर उगवला, सगळे दुपारी काठीभोवती जमले, आणि सावली गेलीच नाही. वीतभर राहिली, उत्तरेकडे बोट दाखवत. कुणी तरी म्हाताऱ्यावर चिडलं असेल, कुणी देवावर. पण कुणी तरी एकजण दुसऱ्या दिवशीही येऊन पाहत राहिला. तिसऱ्या दिवशीही. सावली रोज थोडी आखडत गेली, आणि तीन-साडेतीन आठवड्यांनी, भर नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या त्या नऊ जळत्या दिवसांत, संपली. त्या सकाळी सूर्य जिथे उगवला होता तिथे त्यांनी नवा दगड लावला. जुना काढला नाही.

पृथ्वी गोल आहे हे कुणी त्यांना सांगितलं नव्हतं. तिच्या गोलाईचं दोन फुटी माप मात्र त्यांनी माळावर रोवून ठेवलं होतं.

आता प्रश्न उरला दुसऱ्या दगडाचा. तो मिळाला आणि त्या खड्ड्यात चपखल बसला, तर वर्तुळ स्वस्थानी. नुसत्या खड्ड्याला नियमात जागा नव्हती. खड्ड्याच्या वरच्या थरातल्या मातीने शेवटचं ऊन चाळीसेक वर्षांपूर्वी पाहिलं होतं.

"बाबा," तिने घरी येऊन विचारलं, "चाळीस वर्षांपूर्वी गावात सरपंच कोन होतं?"

उकंडरावांनी कूलरमध्ये पाणी किती आहे ते पाहिलं. मग आढ्याकडे पाहिलं. मग पंचफुलाबाईंकडे पाहिलं, पण तिकडून मदत येण्याची चिन्हं नव्हती.

"आदर्श गावची कमिटी येनार होती," शेवटी ते म्हणाले. "फोटो काढाचा होता. सगळे दगड कसे सारख्या अंतरावर, गोल, आन् त्या एका जागी दोन दगड खेटून. दात वर आल्यासारखे दिसे. म्हनलं, एक काहाडून टाका. गोलाई येते."

"मंग कोठे गेला तो?"

"वाया नाई जाऊ देल्ला."

"बाबा, कोठे?"

"समाजमंदिराची कोनशिला बसवाची होती नं..."

तिघंही समाजमंदिरापुढे गेली. दर्शनी कोपऱ्यात ती शिळा होती. तिच्यावर कोरलेलं होतं: 'मा. सरपंच श्री. उकंडरावजी भोंगाडे यांच्या शुभहस्ते'. शलाकाने विटांच्या फटीतून मागे हात घातला. बोटांना खळगे लागले. गुळगुळीत, वाटीसारखे.

"आपन होतोच म्हनता ना तुमी," ती म्हणाली. "नव्हतो, बाबा. आलो, चुकलो, आन् चुकलो हे आपल्याच डोयानं पाहून दुरुस्त केलं. जगात कोनत्या वर्तुळात हे दोनी दगड एकमेकाच्या बाजूनं हायेत, सांगा मले. त्या लोकायचं मोठेपन हेच होतं. आन् तेच तुमी फोटोसाठी उपटलं."

ती पुढे म्हणाली, "मी सांगनार नाई कोनाले. तुमच्या नावाची शिळा हाये, तुमीच ठरवा. माह्या अहवालात साडेसोळाच जाइन. दगड आला तर एकवीस पन जाइन."

उकंडराव त्या अक्षरांकडे पाहत उभे राहिले. गावात त्यांच्या नावाचं एवढंच होतं. बाकी सगळी भाषणंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी मंदिराच्या भोंग्यावरून त्यांचा आवाज आला. "आयका हो, गावकरी! वर्तुळातला एक दगड चाळीस वर्षापासून हरवला हाये. तो म्या नेला होता. कोनी दुसऱ्याचं नाव घेऊ नका. सब्बल घेऊन समाजमंदिरापाशी या. आन् जवाईबुवा, तुमी पन या. उपटाचं काम तुमाले येते."

कार्तिक तासाभरात नागपूरहून आला. सासऱ्याने त्याच्या हातात सब्बल, म्हणजे पहार, दिली. दोघांमधलं आठ वर्षांतलं पहिलं संभाषण असं झालं:

"हळू. मुयापासून ढिल्ला करा."

"बाबा, तेच तर आमचं काम आहे."

"मंग मले काहून शिकवून रायले? करा!"

शिळा निघाली. महामंडळाचे उपसंचालक मनवर साहेब टोपी, गॉगल आणि ताक अशा जय्यत तयारीने हजर झाले. दगडाचं बूड खड्ड्याच्या तळातल्या खाचेत असं बसलं की सुतळी जायला जागा उरली नाही. कोरलेलं नाव बुडाकडच्या भागावर होतं. मनवर साहेब संकोचून म्हणाले, "उकंडरावजी, नाव जमिनीखाली जाते. छिन्नीनं अगोदर..."

"राहू द्या," उकंडराव म्हणाले. "तीन हजार वर्षांनी कोनी उकरलं तर त्याले पन काही मजा पाह्यजे."

नवतप्याच्या तिसऱ्या दिवशी शून्य सावली होती. पहाटेच सगळा गाव माळावर जमला. बातमी तोवर फुटली होती, त्यामुळे पाहुणेही होते. गुंटूरहून कार्तिकचे वडील आणि त्यांच्या इतिहास मंडळाचे लोक आले होते. कोल्हापूरहून प्राध्यापकांची एक जीप आली होती. दोन्ही बाजूंचं म्हणणं एकच होतं, की हे बांधणारे मुळात आमचे.

क्षितिज तांबूस झालं. सूर्याची कड वर आली, ती दुसऱ्या दगडाच्या बरोबर डोक्यावर. जुना दगड शेजारी शांत उभा होता, दोन फुटांवर, चुकलेला.

दुपारी पारा शेहेचाळीसवर होता. मधोमध रोवलेल्या काठीची सावली आखडत आखडत काठीच्या बुडात गेली. माणसं आपापल्या पायांकडे पाहू लागली. सरपंच, शिपाई, उपसंचालक, प्राध्यापक, कुणाच्याच अंगाबाहेर सावली पडत नव्हती. मनवर साहेबांनी घाम पुसत अहवालावर सही केली. रचना साडेसोळा, दुरुस्ती एकवीस, वर्तुळ स्वस्थानी. रस्ता वळणार होता.

मग पाहुण्यांची पुन्हा जुंपली. कोल्हापूरचे प्राध्यापक म्हणाले, "हे बगा, लोखंडाची पद्धत बघितली तर माणसं आमच्याकडचीच वाटत्यात." कार्तिकचे वडील हिंदीत म्हणाले की हे शक्यच नाही. दोघंही न्याय मागायला उकंडरावांकडे वळले. आता बाबा तेच जुनं वाक्य बोलणार, अशी शलाकाची खात्री होती.

उकंडरावांनी दोघांनाही हाताला धरून वर्तुळाच्या मध्यभागी आणलं. व्याह्याला एका बाजूला उभं केलं, कोल्हापूरकरांना दुसऱ्या बाजूला, आणि समोर बोट दाखवलं.

"तो उजवा दगड पाहा," ते म्हणाले. "तो तिकडूनच आनला होता. गुंटूरहून म्हना, कोल्हापूरहून म्हना, आपसात ठरवा. आमचं काही म्हननं नाई. आन् त्याच्या बाजूचा तो डावा."

त्यांनी एकदा लेकीकडे पाहिलं, मग पाहुण्यांकडे.

"चूक तुमची असन, कोनाचीही असन," उकंडराव म्हणाले. "दुरुस्ती इथली हाये."